खोटे आकडे लिहिणारा नायक चालतो का? (विज्ञानकथा)

मलप्रभाकाठ
मंडळी, जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या. एका स्पर्धेला विज्ञानकथा पाठवली होती, ती परत आली. सोबत एका ओळीचा शेरा: 'कथेचा नायक खोटारडा आहे, त्याला नायक म्हणता येत नाही.'

गोष्ट थोडक्यात सांगतो. खानापूर तालुक्यात कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाजवळ, एक जलशास्त्रज्ञ घाटमाथ्यावर यंत्र उभं करतो. समुद्राकडून आलेले ढग घाट चढताना तिथंच मोकळे होतात आणि रामदुर्ग-सौंदत्तीपर्यंत पोचेस्तोवर त्यांच्यात काही उरत नाही, हे आपण सगळे बघत आलोय. हा माणूस रामदुर्गकडचा. बाप विहिरी खणून खणून कर्जात गेलेला. त्याचं यंत्र ढगांना घाटावर पडूच देत नाही, तसेच पुढं पाठवतं. पहिल्या वर्षी रामदुर्गला जोंधळा माणसाच्या डोक्यावर जातो. लोक त्याची बैलगाडीतून मिरवणूक काढतात. दुसऱ्या वर्षी त्याच्या ध्यानात येतं की कणकुंबीच्या पर्जन्यमापकात निम्मंच पाणी जमतंय. हे तो कुणाला सांगत नाही. वहीत जुन्या सरासरीचे आकडे लिहितो. अशी तीन वर्षं.

आता सांगा, असा माणूस नायक होऊ शकत नाही का? की विज्ञानकथेत शास्त्रज्ञ म्हटला की तो देवमाणूसच पाहिजे?

कुंदाप्रेमी
परीक्षकांचं आडनाव नाईक असेल. नायकाची बदनामी सहन झाली नसेल.

सॉरी. गंभीर चर्चा चालू दे. मी चहा ठेवून येतो.

सीमेवरचा_मास्तर
मलप्रभाकाठ, परीक्षकांना दशरूपक वाचायला सांगा. दहाव्या शतकातला धनंजयाचा ग्रंथ आहे. त्यात नायकाचे चार प्रकार दिलेत: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. यातला चौथा बघा. गर्विष्ठ, मत्सरी, चंचल, तापट, स्वतःची टिमकी वाजवणारा आणि कपट करण्यात तरबेज. हे सगळं त्याच्या व्याख्येतच आहे आणि तरीही तो नायकांच्या यादीत आहे! हजार वर्षांपूर्वी आपल्या नाट्यशास्त्रवाल्यांनी खोटारड्याला जागा करून ठेवली होती. ती आपण मधल्या काळात, बहुधा शाळेच्या पुस्तकांमुळं, काढून घेतली. मी स्वतः तीस वर्षं शाळेत शिकवलंय, म्हणजे त्या पापात माझाही वाटा आहे.

निपाणीची_लेक
सर, व्याख्या पटली. पण कपट चालतं एवढ्यावर भागत नाही. कुठलं कपट, कुठल्या क्षणी, ते बघावं लागतं.

फ्रँकेन्स्टाइन मी बारावीत पहिल्यांदा वाचलो. (होय, 'वाचलो'च. पुण्याच्या लोकांनी दुरुस्त करू नये, आमच्याकडं बायका असंच बोलतात.) १८१८ सालचं पुस्तक. लिहिणारी मेरी शेली तेव्हा विशीतली. सगळ्यांना आठवतो तो राक्षस, वीज, प्रयोगशाळा. मला मात्र जस्टिन आठवते. व्हिक्टरच्या, म्हणजे तो राक्षस बनवणाऱ्या शास्त्रज्ञाच्या, घरची मोलकरीण. व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा खून होतो, आळ हिच्यावर येतो. खून आपण बनवलेल्या त्या जिवानं केलाय अशी व्हिक्टरची खात्री असते. तरी तो कोर्टात गप्प बसतो. कारण काय, तर लोक मला वेडा म्हणतील. आणि ती पोरगी फासावर जाते.

तर व्हिक्टरची चूक मेलेल्यात जीव घातला ही नव्हेच. पहिली चूक, तो जीव डोळे उघडल्यावर हा पळून गेला. दुसरी, तोंड उघडायची वेळ आली तेव्हा गप्प बसला. तुझ्या जलशास्त्रज्ञाचे खोटे आकडे त्याच जातीचे आहेत, दादा. मला तो व्हिक्टरचा चुलतभाऊ वाटतोय. आणि व्हिक्टरला मी नायक मानत नाही, मुख्य पात्र मानते.

मलप्रभाकाठ
हे लागलं, ताई. खरं एक फरक आहे ना? व्हिक्टर स्वतःच्या कीर्तीसाठी करतो. माझा माणूस बापाच्या विहिरीसाठी करतो.

निपाणीची_लेक
सुरुवात बापाच्या विहिरीसाठी. आकडे खोटे लिहिले ते मात्र बैलगाडीच्या मिरवणुकीसाठी. तूच लिहिलंयस तसं.

पुणेस्थित_शहापूरकर
दुरुस्त करत नाही ताई, माझी आईही 'मी आलो'च म्हणते.

परीक्षकांच्या बाजूनं थोडं बोलतो. मराठी विज्ञानकथेला एक सवय लागून गेलीय. नायक म्हणजे परदेशातून डॉक्टरेट घेतलेला, चष्मेवाला, निर्व्यसनी, आणि संकट आलं की फळ्यावर समीकरण मांडणारा. त्याची बायको दर दोन पानांनी चहा आणते. यात दोष फक्त लेखकांचा नाही. आपल्याकडं विज्ञानकथा वाढली ती विज्ञानप्रसाराचं बोट धरून. जयंत नारळीकरांनी १९७४ साली पहिली कथा पाठवली तीसुद्धा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला, 'नारायण विनायक जगताप' या नावानं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून! परीक्षकांवर नावाचं दडपण यायला नको म्हणून. बक्षीस मिळालंच. तेव्हा स्पर्धेतून परत आलेल्या कथेवरून फार रागावू नकोस, स्पर्धेनं या प्रकाराला बरंच दिलंयही.

पण प्रसार करायचा तर शास्त्रज्ञ विश्वासाचा वाटला पाहिजे, म्हणून तो डागाळत नाही. आणि डाग नाही म्हणून तो लक्षातही राहत नाही. यंत्र लक्षात राहतं, माणूस विसरतो.

जुनाबेळगावकर
नारळीकरांच्या बाबतीत पूर्ण सहमत नाही. गंगाधरपंत आठवा. पानिपत मराठ्यांनी जिंकलं अशा दुसऱ्याच इतिहासात जाऊन पडलेले इतिहासाचे प्राध्यापक. या गृहस्थांचा दोष काय? सभेचं अध्यक्षपद! आयुष्यभर अध्यक्षीय भाषणं केलेली. त्या दुसऱ्या जगात आझाद मैदानावर सभा चालू आहे, व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी आहे, तिथल्या लोकांना अध्यक्ष नकोच आहे. पंतांना मात्र राहवत नाही. सरळ जाऊन माईक धरतात आणि अध्यक्षाशिवाय सभा कशी म्हणून सुनवायला लागतात. लोक जे हातात येईल ते फेकून मारतात. आणि त्या गोंधळातूनच ते आपल्या जगात परत येतात.

आता बघा, त्यांची विद्वत्ता त्यांना परत आणत नाही, त्यांची खोड आणते. दोष लहान आहे, हसू येणारा आहे, पण गोष्ट वळते ती त्याच्यावर. मला वाटतं परीक्षकांना तुमच्या कथेत हे सापडलं नसेल. दोष आहे, पण तो गोष्टीत काही काम करतो का?

(अध्यक्षपदाचा सोस म्हणजे काय ते बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाला एक अध्यक्ष आणि चार माजी अध्यक्ष आहेत, पाचही जण स्टेजवर.)

चंदगडी_पाव्हणा
मी सीमेच्या ह्या अंगाचा, कोवाडजवळचा. आमच्या गावाकडं रणजित देसाईंचं नाव घेतलं की आधी 'स्वामी' आणि मग 'राधेय'. तर माझा मुद्दा कर्णाचा. विज्ञानकथेत नाही, माहीत आहे, खरं ऐका.

भर सभेत द्रौपदीला नको ते बोलला. अभिमन्यूला घेरून मारणाऱ्यांत होता. एवढं सगळं माहीत असून मराठी माणूस कर्णासाठी रडतो. का? 'मृत्युंजय' आठवा. कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते, वृषाली बोलते, दुर्योधन बोलतो, शोण बोलतो, शेवटी कृष्ण. ज्याच्या तोंडून ऐकाल त्याच्या बाजूनं मन झुकतं. म्हणजे नायक कोण हे दोषावर ठरत नाही, गोष्ट कोण सांगतंय यावर ठरतं. तुझी गोष्ट कोण सांगतो?

मलप्रभाकाठ
त्रयस्थ निवेदन आहे. लेखक सांगतो.

चंदगडी_पाव्हणा
मग झालं. लेखकानं सांगितलं की परीक्षक पुरावा मागतात.

सीमेवरचा_मास्तर
पाव्हण्यांचा मुद्दा धरून कॅप्टन नेमोकडं जातो, कारण तो आपला माणूस आहे. शब्दशः.

जूल व्हर्नच्या डोक्यात आधी नेमो पोलंडचा सरदार होता, रशियन फौजांनी त्याचं घर बुडवलेलं. प्रकाशकानं हात वर केले, पुस्तकं रशियात खपायची होती. मग पाणबुडीच्या पहिल्या कादंबरीत नेमोला देशच दिला नाही. पुढच्या कादंबरीत, १८७५ च्या सुमारास, उलगडा केला: हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानाचा पुतण्या, सत्तावन्नच्या उठावात लढलेला, बायको-मुलं गमावलेला.

आता आपल्याकडं या. नरगुंदचे बाबासाहेब भावे. १८५८ मध्ये त्यांनी पोलिटिकल एजंट मॅन्सनला मारलं आणि १२ जूनला त्यांना फाशी दिलं ते इथंच, आपल्या बेळगावात. त्याआधी सत्तावीस वर्षांपूर्वी नंदगडला संगोळ्ळी रायण्णा. सरकारी कागदांत दोघं गुन्हेगार, लोकांच्या गाण्यांत वीर. डक्कार कागदावर त्यांच्याच पंगतीतला. व्हर्न फ्रान्समध्ये बसून लिहीत होता, त्याला नरगुंद कुठं ते ठाऊकही नसेल, पण नेमो वाचताना मला मात्र किल्ल्याचा तट दिसतो.

तरीही नेमो वेगळा पडतो, आणि तो वेगळेपणा यंत्रामुळं आहे. बाबासाहेबांच्या हातात तलवार होती. नेमोच्या हातात नॉटिलस ही पाणबुडी आहे, जगात कुणाकडं नाही असं हत्यार. तो युद्धनौका तळातून फोडतो आणि आतली माणसं बुडताना काचेतून बघत राहतो. ते खलाशी काही त्याच्या बायको-मुलांचे मारेकरी नव्हते. मग आपल्या खोलीत जाऊन बायको-मुलांच्या चित्रापुढं गुडघे टेकून हुंदके देतो. हे सगळं आपण प्राध्यापक आरोनाक्सच्या डोळ्यांनी बघतो. तो त्याचा पाहुणाही आहे आणि कैदीही. नेमो स्वतःच्या तोंडून सांगता तर एवढा थरकाप झाला नसता.

साध्या माणसाचा राग ताट फोडतो. विज्ञानकथेतल्या माणसाचा राग जहाज बुडवतो. दोष तोच, यंत्र त्याला गुणत जातं. म्हणून इथं नायकाचं माप वेगळं लागतं असं मला वाटतं.

कुंदाप्रेमी
चहा झाला, सगळं वाचलं. एकच प्रश्न. मलप्रभाकाठ, तू शेवट सांगितलाच नाहीस. पुढं काय होतं?

मलप्रभाकाठ
शेवटी वळवाच्या पावसात यंत्रावर वीज पडते. यंत्र जळतं. घाटावर पहिल्यासारखा पाऊस पडतो, तो भिजत उभा राहतो, डोळ्यांत पाणी.

कुंदाप्रेमी
वीज???

निपाणीची_लेक
अरे दादा.

जुनाबेळगावकर
हा घ्या. चोर सापडला. परीक्षकांनी शेरा चुकीचा लिहिला असेल, पण त्यांना खटकलं ते बरोबर ठिकाणी खटकलं. तीन वर्षं खोटं लिहिणारा माणूस आणि त्याची सुटका करायला ढगातून वीज! त्यानं काय केलं? भिजला. भिजायला काय लागतं हो, जूनमध्ये जांबोटीला कुणीही भिजतो.

भट्टीवाला
मी पुस्तकं कमी वाचलीत, सिनेमे बघतो. उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री आहे. माझ्या भाषेत सांगतो.

कास्टिंग ओतताना आत हवा अडकली की पोकळी राहते, ब्लोहोल. वरून जॉब एकदम गुळगुळीत. मशीनवर चढवून दोन-तीन एमएम कातलं की ते भोक उघडं पडतं. ते कुठं आहे यावर सगळं. नुसत्या बाहेरच्या अंगाला असेल, जिथं काही दाब नाही, तर गिऱ्हाईक चालवून घेतं. पाण्याचा दाब येतो त्या भिंतीत असेल तर जॉब रिजेक्ट, परत भट्टीत. तिसरा एक प्रकार आहे, तो कुणी सांगत नाही. मेटल पेस्ट भरायची, ग्राइंडर फिरवायचा, वर प्रायमर मारायचा. देवालासुद्धा दिसत नाही.

मी हे केलंय. धंदा नवीन होता, डिलिव्हरीची तारीख डोक्यावर होती. पंपाची बॉडी होती. अडीच महिन्यांनी हुक्केरीकडच्या एका शेतावर ती फुटली, ऐन उन्हाळ्यात, ऊस उभा. फोन आला तेव्हा मी म्हणू शकलो असतो की तुम्ही पंप कोरडा चालवला असणार. तसं म्हणायची आमच्या धंद्यात पद्धतच आहे. मी तोंड उघडलंही होतं.

नवीन बॉडी गाडीत टाकून गेलो आणि पेस्ट भरली होती म्हणून सांगितलं. शेतकरी म्हातारा होता, कन्नडमधून पाच मिनिटं शिव्या घातल्यान. मग जेवायला बसवलान. फुटलेली बॉडी अजून आमच्या टेबलावर आहे, पोरं त्यात पेन ठेवतात.

मी काय नायक-बियक नाही. खरं तुमच्या त्या शास्त्रज्ञाबद्दल बोलायचं तर भोक प्रत्येकाच्यात असतंय. आकडे खोटे लिहिले ती पेस्ट. वीज पडून यंत्र जळालं म्हणजे फुटलेली बॉडी कुणीतरी रात्रीतून चोरून नेली. मग त्या म्हाताऱ्यासमोर जाऊन उभं कोण राहणार?

निपाणीची_लेक
भट्टीवाले काका, पुस्तकं कमी वाचलीत म्हणालात आणि चार्ली गॉर्डन तंतोतंत सांगितलात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: डॅनियल कीजची 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नॉन' ही गोष्ट, १९५९ ला कथा आली, १९६६ ला कादंबरी. चार्ली मतिमंद, बेकरीत झाडूपोछा करणारा. शस्त्रक्रियेनं त्याची बुद्धी वाढते, अफाट वाढते. आणि त्याबरोबर काय वाढतं? तुच्छता. ज्यांनी त्याला शिकवलं त्या सगळ्यांचा त्याला कंटाळा येतो. हा त्याचा दोष. मग ज्या उंदरावर आधी हाच प्रयोग झाला होता, तो अल्जर्नॉन, ढासळायला लागतो. चार्ली स्वतः बसून संशोधन करतो आणि स्वतःच सिद्ध करतो की ही वाढलेली बुद्धी टिकणार नाही, जेवढी झरझर वाढली तेवढीच झरझर जाणार. आणि तो निष्कर्ष कळवून टाकतो. स्वतःच्या विरुद्ध जाणारे आकडे! खरे.

तुझ्या माणसाची वही आणि चार्लीचा अहवाल शेजारी ठेवून बघ, दादा. मला नायकाची व्याख्या तिथं दिसते. दोष असू दे, मोठा असू दे, पण एकदा तरी त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःच्या विरुद्ध लिहिलं पाहिजे.

पुणेस्थित_शहापूरकर
ताई, मग 'ड्यून' कादंबरीतल्या पॉलचं काय? त्याला पुढचं सगळं दिसत असतं. आपल्या नावानं धर्मयुद्ध पेटणार हे ठाऊक असतं. दुसऱ्या भागात तो स्वतः हिशेब मांडतो: एकसष्ट अब्ज माणसं मेली. आकडा अगदी खरा, काही लपवत नाही. तुमच्या व्याख्येनं तो नायक ठरतो. लेखक हर्बर्ट तर सांगून गेले की असल्या तारणहारांपासून सावध राहा म्हणूनच लिहिलं.

निपाणीची_लेक
पॉल आकडा सांगतो तो सिंहासनावर बसून. खुर्ची जात नाही तोवर खरं बोलायला काय पैसे पडतात? चार्लीची जाते.

पुणेस्थित_शहापूरकर
शेवटी पॉलही सगळं टाकून, आंधळा होऊन, एकटा वाळवंटात जातो ना पण.

निपाणीची_लेक
जातो. म्हणून अर्धा नायक. यावर आपलं एकमत होणार नाही, सोडा. वेल्सचा ग्रिफिन घ्या, तिथं वादच नाही. अदृश्य माणूस. संशोधनासाठी बापाचे पैसे चोरले, पैसे दुसऱ्याचे निघाले, बापानं स्वतःला गोळी घातली. ग्रिफिन पुढं ही हकीकत सांगतो ती मला जराही वाईट वाटलं नाही असं म्हणून. हुशारी चार्लीएवढीच. नायक? मुळीच नाही.

मशीनमधला_भूत
मध्येच येतोय, विज्ञानाची बाजू कुणी बघितलीच नाही म्हणून. ढग ओढता-ढकलता येत नाहीत. कृत्रिम पावसात सिल्व्हर आयोडाइड फवारतात ते आधीच आलेल्या ढगात. १९४६ पासून हेच तंत्र आहे, कर्नाटक सरकारनं २०१७ ला 'वर्षधारी' केलं तेही हेच. पण कथेत एक कल्पना सूट म्हणून द्यायची असते, ती दिली.

खरी गंमत दुसरीच आहे आणि ती लेखकानं वापरलीच नाही. मलप्रभा उगम पावते कणकुंबीला आणि पुढं सौंदत्तीच्या नविलुतीर्थ धरणात जाते. म्हणजे घाटावरचा पाऊस पळवला की आधी कणकुंबी वाळणार आणि मागोमाग धरण रिकामं होणार. सौंदत्ती-रामदुर्गला आभाळातून मिळालेलं पाणी नदीतून वजा होणार. ज्याच्यासाठी चोरी केली त्याच्याच घरात ती चोरी निघते! नायकाला हे दुसऱ्या वर्षीच गणितात दिसलं असणार. मग त्याचं खोटं नुसतं कणकुंबीशी राहत नाही, बापाशीही होतं.

मलप्रभाकाठ
हे मला दिसलंच नव्हतं. नकाशा भिंतीवर लावून लिहीत होतो आणि नदी कुठं जाते ते बघितलं नाही.

चंदगडी_पाव्हणा
आता वीज काढ आणि निवेदक बदल. कणकुंबीची एखादी पोरगी घे, तिला सांगू दे.

मलप्रभाकाठ
चार दिवसांनी आलोय. परत लिहितोय. सुरुवात अशी केलीय, बघा:

'साहेब रोज सकाळी आठ वाजता पर्जन्यमापकापाशी यायचे. मी म्हशी सोडायला त्याच वाटेनं जायची. साहेब नळकांडं काढायचे, उजेडाकडं धरून बघायचे आणि वहीत लिहायचे. एकदा ते फोनवर बोलत लांब गेले तेव्हा मी नळकांड्यात डोकावले. आत एक मुंगी मरून पडली होती. पाणी नव्हतं. वहीत बेचाळीस लिहिलं होतं.'

शेवट अजून नीट जमला नाही. तो रामदुर्गला जाऊन बापाला वही दाखवतो इथवर आलोय. बापाला वाचता येत नाही. मग वाचून कोण दाखवणार, तिथं अडकलोय.

भट्टीवाला
त्यानंच वाचायचं. मोठ्यानं.

निपाणीची_लेक
मुंगी भारी.

मशीनमधला_भूत
बेचाळीस मिलिमीटर लिहिलेल्या दिवशी वाटेवर चिखल नको का? पोरीला तेवढ्यावरूनच कळेल, नळकांड्यात डोकवायची गरज नाही. आणि पर्जन्यमापकाची वेळ साडेआठची असते, आठ नव्हे. तेवढं दुरुस्त कर.